डबे नाचवणारी गिटार

अहो, खांदा कॉलनीतल्या आमच्या जिन्यात मी अर्धंच ऐकलं, "नेहा गिटार परत देतेय, आणि..." तेवढ्यात बोलणारीचं दार बंद! मला कुठलं राहवतंय? वाटी घेऊन साखरेच्या निमित्ताने गेले शेजारी.

"नेहा, ऑर्केस्ट्रा सोडतेस की काय गं?"

"नाही हो काकू! दुकानदाराने दोन बास गिटार पसंतीला दिल्यात, एक परत करायचीय. ही अ‍ॅक्टिव्ह, बॅटरीवाली. ही पॅसिव्ह, बिनबॅटरीची. रविवारी सोसायटीच्या गणपतीत पहिल्यांदाच वाजवणार, आणि माझं ठरतच नाहीये."

"थांब, मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहते. तू वाजव."

पॅसिव्ह वाजली, डबे गप्प. अ‍ॅक्टिव्ह वाजली आणि मांडणीवरचे डबे थयथय नाचले! मी भिंतीतून ओरडले, "हीच!"

नेहा वायर काढून चार दिवस मामाकडे उरणला गेली. वाटीभर साखर नेहाच्या आईला परत द्यायला गेले, तर वायर लोळत पडलेली. हरवायला नको म्हणून मी ती गिटारीत नीट खोचून ठेवली.

रविवारी पहिल्याच गाण्यात गिटारीचा आवाज बसत बसत गेलाच! नेहा रडकुंडीला.

"वायर कोणी लावली? लावून ठेवली की बॅटरी उतरते!"

मी साडी खोचून तीन जिने पळाले, अजून परत न गेलेली पॅसिव्ह आणली. पोरीने काय वाजवलं म्हणता! म्हातारे आजोबासुद्धा उठून नाचले.

तर गिटार परत गेली, हे खरंच. फक्त गेली ती माझ्या पसंतीची!