दहीभाताचा डबा

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, १९८७. तैवानी शाकाहारी बुफेच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

“आई, प्लेट घ्या ना. इथं सगळं व्हेज आहे.”

“कांदा-लसूण असणारच. माझा चातुर्मास आहे, सुनेत्रा. दहीभाताचा डबा आणलाय मी पर्समध्ये.”

“इथंसुद्धा? थांबा, मालकीणबाईंना विचारून येते.”

सून लगेच परतली.

“आई, त्या कांदा-लसूण आणतच नाहीत! बौद्ध आहेत, त्यांच्या पंथात चालत नाही.”

“चार महिने?”

“जन्मभर.”

“अगं बाई! मग वाढ की. वांगं तेवढं सोड, बाकी सगळं वाढ.”

“पोटभर जेवा.”

“आणि हा डबा तिला नेऊन दे.”

“मालकिणीला? अहो, तिचंच हॉटेल आहे!”

“म्हणूनच. ती बिचारी दुसऱ्या कुणाच्या हातचं कधी जेवत असेल?”