दर घासाला पाणी

धाकटा : गॅरेजचं शटर उघड, दादा. नाहीतर हा पाना तुझ्या टाळक्यात घालीन.

थोरला : घाल. आधी हा पाव गिळ. कोरडा. पाण्याशिवाय.

धाकटा : भूक नाहीये मला. कॉलर सोड!

थोरला : मघाशी जेवताना दर घासाला घोटभर पाणी. वर छातीवर मूठ आपटत होतास. मीही तेच करायचो. अडकतं ना?

धाकटा : घाईत खातो मी, बस!

वहिनी : (बाहेरून शटर बडवत) अहो, काय फुटलं आत?

थोरला : गाडीची काच. तू दवाखान्यात फोन लाव. ह्याला घेऊन येतोय म्हणावं.

धाकटा : वहिनी, गळा दाबतोय हा माझा!

थोरला : बाबाही मरेपर्यंत पित्त-पित्तच करत होते. माझी पोटातली गाठ तपासून डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं? जनुकात बिघाड आहे, घराण्यातून आलेला. भावाला आणा.

धाकटा : तू गेलायस बाबांवर. मी आईवर गेलोय.

थोरला : आरशात नाक बघ तुझं!

धाकटा : तू झालास ना त्यांच्या नव्या औषधाच्या चाचणीतला उंदीर? मला कशाला ओढतोस?

थोरला : उंदीर पोटभर जेवतोय, मेल्या! ह्याच बिघाडाच्या गाठीवर ते औषध चालतंय. आपल्याच रक्तातल्या पेशींना चेव आणतं, त्या तुटून पडतात तिच्यावर. अर्धी झालीय माझी.

धाकटा : आणि तुझ्या शेजारच्या पलंगावरचा? त्यालाही तेच औषध होतं ना?

थोरला : गेला तो. म्हणून तू तपासायचंच नाही? उघड तोंड! उघड!

धाकटा : लांब हो! लांब हो म्हणतो ना... दादा? दादा!

वहिनी : कुठे मारलंत, भाऊजी?

धाकटा : पोटात. वहिनी, मी लाथ घातली पोटात.

वहिनी : त्या पोटात? तंगडं मोडून ठेवीन तुमचं! उघडा आधी!

थोरला : थांब गं. तू बोल. कधीपासून?

धाकटा : तोंडातून रक्त येतंय तुझ्या.

थोरला : ओठ फुटलाय नुसता. कधीपासून अडकतंय?

धाकटा : माझी छकुली रांगत होती तेव्हापासून.

थोरला : आता पळते की रे ती.

धाकटा : हो. तिच्यामागे दम लागतो मला.

वहिनी : भाऊजी, छकुली माझ्या कडेवर आहे. थरथरतेय पोर. उघडा ना.

धाकटा : ओठ पूस, दादा. रक्त दिसेल तिला. आणि चावी दे इकडे, गाडी मी चालवतो.