दारामागची उदाहरणं

न्हाई हो, तलाठ्याच्या परीक्षेला सून बसलीय, रोहिणी. मी नुसता सोबत आलोय — बसा की, अंबाजोगाईत सावलीतला बाक एवढाच दिसतोय. किती वाजले? आत्ताच विचारलं व्हय मी? असू द्या. तलाठ्याला अलंकार कशाला, म्हणता? तहसीलला जन्म काढलाय मी, सांगतो — पंचनाम्यात अतिशयोक्ती लागते, टंचाईच्या अहवालात रूपक, आन् साहेब दौऱ्यावर आले की सत्काराला अनुप्रास. आमी कारकुनांनी नावं न घेता सगळं वापरलं, पाठ करायची पाळी मात्र ह्या पोरींवर.

तिनं सासूकडनं निरोप दिला, मामांना सांगा, मराठीत मार्क जातात, अलंकार डोक्यात बसत न्हाईत. मी म्हणलो, पाठ करू नको, रोज एक उदाहरण स्वतःचं सांग. आता आमच्या घाटनांदूरकडं सून सासऱ्याशी बोलते कुठं? चहा ठेवला, पदर सावरला, गेली आत. लग्नाला आठ वर्षं झाली, तिचा आवाज ऐकला तो शेजारणीशी बोलताना. उदाहरण मात्र बोलावंच लागतं ना — स्वयंपाकघराच्या दारामागून बोलायची. उपमा म्हणलो, तर म्हणते, 'मामांचा राग दुधासारखा, उतू गेला की ओटा मी पुसायचा.' घ्या! बरोबर म्हणावंच लागलं. व्याजस्तुती — वरून स्तुती, आतून टोला — तर म्हणते, 'आमचे हे लई काटकसरी, दिवाळीला एकच फोन करतात.' हे म्हणजे आमचे चिरंजीव, संगमेश्वर. पुण्याला असतो. तिथं त्याचं — जाऊ द्या — दुसरं घर हाय. गावात कुणाला माहीत न्हाई. तुमाला कावून सांगितलं मी?

मग आली चेतनगुणोक्ती. निर्जीव वस्तूला माणसासारखं बोलायला लावायचं. तर म्हणाली, 'दाराची कडी रोज विचारते, कधी निघायचं?' बरोबर हाय म्हणलो. उदाहरण बरोबरच होतं की! दुसऱ्या दिवसापासून रोज दोन-दोन अलंकार घेतले, वरून वृत्तंही घेतली. थांबवता आलं असतं. आमची ही तेच म्हणत होती — पास झाली अन् लांबचं गाव मिळालं तर म्हातारपणी भाकरी कोण थापणार? भाकरीचं काय हो, भाकरी मिळते. सकाळी चहाच्या वेळी दारामागून कुणी — ते न्हाई मिळत.

मला? मला काय होतंय! जन्मभर फायलींशी बोललोय, माणसं लागतच न्हाईत मला. हसता कावून? …बरं. अतिशयोक्ती.

गेट उघडलं बघा. कुठं हाय — निळ्या ड्रेसमधली, न्हाई, ती न्हाई — ती, मागची. चालणं बघा तिचं, पळतेयच जवळजवळ. जमलंय. जमलंय तिला! — उठा आता तुमी, तुमचं पोरगं शोधा जा. जा म्हणतो ना.