थोडक्यात कळवलेला वर्ग

नाही, परक्याने केसाने गळा कापला असता तर मी एक वेळ समजून घेतलं असतं, पण सख्ख्या आईने? आणि तेही माझ्यासमोर बसून, भाजी निवडता निवडता, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा न हलवता?

तुम्हाला सांगते, मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. पदवी घेतली तेव्हापासून माझं ठाम मत आहे की मूल सकाळी फाटकातून आत जातं आणि दुपारी बाहेर येतं, त्या मधल्या वेळात काय घडतं ते घरी कळलंच पाहिजे. कारण मुलाला विचारा, आज काय केलं रे शाळेत? मूल बूट भिरकावत म्हणतं, "काही नाही." काही नाही कसं? बिया भिजवल्या, वजाबाकीत हातचा कुठून येतो यावर भांडलो, दोघांची कट्टी झाली, मधल्या सुट्टीत बट्टी झाली, खिडकीत पाल आली आणि निम्मा वर्ग बाकावर चढला... हे काही नाही?

म्हणून मी रोज संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर निरोप लिहिते. सविस्तर. मनापासून. पाठवण्याआधी आईला वाचून दाखवते, कुठे कुणाला लागेलसं काही नको म्हणून. आणि आई ऐकायची. मान डोलवायची. मला वाटायचं, किती रस आहे हिला माझ्या कामात!

आता आमच्या आईबद्दल एक सांगायला हवं. ती तार ऑफिसातून निवृत्त झाली. शब्दाला पैसे मोजायच्या खिडकीत तिची हयात गेली. लोक डोळे पुसत पानभर सांगायचे आणि ही त्याचं चार शब्दांत करून द्यायची. घरीही तेच. माझ्या वाढदिवसाला तिने लिहिलेली चिठ्ठी मी जपून ठेवलीय : "मोठी झालीस. शिरा फ्रीजमध्ये. बाकी काही नाही." ही तिची सही समजा. बाकी काही नाही.

तर पालक माझे निरोप वाचत होते म्हणता? अंगठे यायचे हो, भराभर यायचे, माझं बोट पाठवायच्या बटणावरून उठायच्या आत यायचे. मला तेव्हाच कळायला हवं होतं, इतक्या वेगाने माणूस वाचत नाही.

आणि मग ती शुक्रवारची गोष्ट. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, घरचे लाडाने तिला मौनी म्हणतात. वर्षभर वर्गात हूं की चूं नाही. हजेरीला नुसता हात वर. आणि ही मौनी एक दिवस माझ्या टेबलाशी आली, माझा पदर ओढला आणि कानात म्हणाली, "मी वाचू? बाबा आले तर मोठ्यांदा." तुम्हीच सांगा, काय झालं असेल माझं! मी थेट हेडबाईंच्या खोलीत. शुक्रवारी पालकांना वर्गात बसू द्या म्हटलं. हेडबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बसवा. पण कोणी आलं नाही, तर ते तुमचे रोजचे निबंध बंद."

त्या संध्याकाळी मी जो निरोप लिहिला ना, माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम. मौनीच्या बाबांनी काहीही करून यावं, एवढंच सांगायला मी वर्षाची सगळी हकीकत लिहिली. आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "छान."

शुक्रवार. खुर्च्या मांडलेल्या. मुलं पॉलिश केल्यासारखी बसलेली. आणि खुर्च्यांवर कोण? शिपाईमामा. तेही पंखा बघायला आले होते. मौनी पुस्तक उघडून उभी राहिली, दाराकडे बघत राहिली, मग पुस्तक मिटून जागेवर जाऊन बसली. रडली नाही हो. रडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी मुलीला न्यायला बाबा आले. सिटी बसचे ड्रायव्हर, गरीब माणूस, मोठ्या आवाजात बोलायचं माहीत नाही. मी तुटून पडले त्यांच्यावर. एक तास काढवला नाही पोरीसाठी? ते गोंधळले. "बाई, पण तुम्हीच तर कळवलंत, जमलं तर या. ड्युटी होती, नाही जमलं." मी म्हटलं, मी? जमलं तर? त्यांनी फोन पुढे केला. 'थोडक्यात' नावाचा ग्रुप. सगळे पालक त्यात, फक्त मी नाही. आणि रोज एक निरोप. "उद्या रंगपेटी. बाकी काही नाही." "पाल आली, गेली. बाकी काही नाही." "शुक्रवारी वर्ग बघायला या, जमलं तर. बाकी काही नाही."

आणि निरोप पाठवणाऱ्याचा फोटो? आमची बाल्कनी. आमची तुळस. आमची आई!

घरी येऊन मी काय नाही बोलले! आई भाजी निवडता निवडता सांगू लागली. सकाळी फिरायला जाते तिथे वर्गातल्या एकीची आजी भेटते, ती म्हणाली होती, तुमच्या मुलीचं लिहिणं सुंदर असतं पण कुकर लावायचा कधी? तिच्याकडून सगळ्या पालकांचे नंबर घेतले आणि तेव्हापासून आईची ही सेवा चालू. मी म्हटलं, आई, ते 'जमलं तर' तू कुठून घातलंस? ती म्हणाली, "काहीही करून या असं कळवलं की लोक घाबरतात गं. आमच्याकडे तसा मजकूर मयताच्या तारेतच असायचा." मग मी मौनीचं सांगितलं. दाराकडे बघत होती, ते. आईचा हात भाजीत थांबला. तिने फोन जवळ ओढला आणि विचारलं, उद्या शाळा किती वाजता भरते?

दुसऱ्या दिवशी पहिला तास सुरू होतो न होतो तोच दार धाडकन उघडलं. पालक! एकाच्या गालाला साबण, एकीच्या हातात लाटणं, कुकरवाल्या आजी घरातल्या चपला घालून, सगळे धापा टाकत. काय झालं, कुणाला लागलं? फाटकाबाहेर अख्खी सिटी बस उभी, प्रवाशांसकट, आणि ड्रायव्हर वर्गाच्या दारात घामाघूम. आईने शाळा भरतानाच कळवलं होतं : "मौनी बोलणार. ताबडतोब निघा."

मौनीने बाबांकडे बघितलं, पुस्तक उघडलं आणि वाचलं. मोठ्यांदा. प्रवासी खिडक्यांतून माना काढून ऐकत होते. एकानेही बस सोडा म्हटलं नाही.

हेडबाई मागे उभ्या होत्या. मला वाटलं, आता तरी माझं म्हणणं पटलं. त्या म्हणाल्या, "हे ज्यांनी लिहिलं, त्यांना सांगा, यापुढे निरोप त्यांनीच पाठवायचे."

म्हणजे बघा. त्या दिवसाचं सगळं सगळं मी लिहून काढलं, साबणवाला गालसुद्धा सोडला नाही. वाचून दाखवलं. आई म्हणाली, "छान." आणि ग्रुपवर गेलं काय? "मौनीने पान वाचलं. बाई रडल्या. बाकी काही नाही."

त्याला भराभर अंगठे आले. पहिला माझा होता.