गेरूखालची साल

(पडेगाव. आप्पासाहेबांच्या फाटकाला लागून असलेला कडुलिंब. सकाळ.)

चतुराबाई: म्हणून तुम्हाला बोलावलं, ताहेरा मॅडम. कॉलेजात झाडांचंच शिकवायचात ना? गेरूच्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला बघा, कशी टेंगळं आलीत.

आप्पासाहेब: अगं, वय झालं त्याचं. माझंबी पोट सुटलं, मी कुणाला बोलावलं का?

ताहेरा: गेरू माशाअल्लाह मन लावून दिलाय. कुणी?

चतुराबाई: ह्यांनीच. घरात पाण्याचा पेला उचलत नाहीत, पण दिवाळीत एकदम झाडाची माया आली.

ताहेरा: एक ओला फडका द्या हो, आप्पासाहेब.

आप्पासाहेब: कशाला? नवा पाला फुटलाय. मेलेलं झाड असं असतंय व्हय?

ताहेरा: मेलंय असं कुणी म्हटलंच नव्हतं.

चतुराबाई: हा घ्या फडका. मी तर रोज दोन बादल्या घालते.

ताहेरा: आणि त्या वर चढतायत, भाभी. आपल्या नळाला आठवड्यानं पाणी, याला रोज, तेही गच्चीच्या वर, मोटार न लावता. पानांतून पाणी उडतं, त्याची ओढ खालपर्यंत लागते. लाकडातल्या बारीक नळ्यांतून मुळांचं पाणी वर सरकतं.

आप्पासाहेब: पाणी चढतंय ना? मग मिटलं!

ताहेरा: पानं जे अन्न करतात, ते खाली मुळांना जातं सालीतून. आणि हे बघा, गेरू पुसला तर खाली साल नाहीच. गोल सोलून काढलीय. सोलणाऱ्याला वाटलं, महिन्यात वाळेल, रोग पडला म्हणता येईल, तोडायच्या परवानगीची कटकट नको. बिचाऱ्याला पाणी कुठून जातं तेच माहीत नाही. आठवी नापास दिसतोय.

आप्पासाहेब: दहावी झालीय माझी!

चतुराबाई: तुमची?

आप्पासाहेब: ह्या झाडापायी आपल्या सत्यमची गाडी आत वळत नाय. पोरगं शेंद्र्याच्या कंपनीतून दमून येतंय, गल्लीत लावतंय, कुणीबी ओरखडे काढतंय...

चतुराबाई: म्हंजी पाच महिने मी बादल्या ओढत होते, अन् तुम्ही खुर्चीवर बसून बघत होता? वर "दमली असशील, टेक जरा" म्हणायचात.

आप्पासाहेब: ते मनापासून म्हणायचो.

ताहेरा: केवढं मोठं मन.

चतुराबाई: मॅडम, जगंल का हे?

ताहेरा: मुळं जुन्या साठ्यावर तग धरून आहेत. तो संपला की पाणीही थांबेल. याच्याच कोवळ्या काड्या घेऊन, एक टोक पट्ट्याखालच्या सालीत, दुसरं वरच्या सालीत खोचायचं. पाच-सहा लावू. एक-दोन धरल्या तर अन्नाला खाली जायला वाट होईल. खात्री देत नाही.

आप्पासाहेब: मी खोचतो. चाकू आणू?

ताहेरा: नको. साल सोलायचा तुमचा हात आम्ही बघितलाय.

चतुराबाई: लई जीव होता माझा ह्याच्यावर. एकदा विचारायचं तरी मला.

आप्पासाहेब: तू नाय म्हणाली असतीस.

चतुराबाई: व्हय. म्हणाले असते.