सावंतकाकूंच्या ओट्यापाशी

अगं, परवा आमच्या लिफ्टमध्ये दोघी कुजबुजत होत्या, “सावंतकाकूंच्या बंद घरात ती सोनल कम्प्युटरवर वारलेल्या काकूंना परत बोलाव...” तेवढ्यात मी शिरले आणि दोघींनी विषय बदलला. मला कुठला धीर. तडक वर गेले, तर काकूंचा मुलगा नंदू सोनलकडून घराची किल्ली परत घेत होता. मुलुंडमध्ये बातमी माझ्याआधी पोचते म्हणजे बघ.

“दादा, नाटक आहे रे,” सोनल काकुळतीला आली. “प्रेक्षक या खोल्यांतून फिरणार. दिवे कुठे लावायचे ते आधी इथे बघते.” तिने लॅपटॉप फिरवला. आत काकूंचं हुबेहूब घर, आणि प्रेक्षकांच्या जागी राखाडी पुतळे.

“मग ओट्यापाशी वाकून कोण उभंय?” मी विचारलं.

सोनलने निरखून पाहिलं. “तिथे मी कुणालाच ठेवलं नाही, मावशी. दोन पुतळ्यांच्या सावल्या भिंतीवर एक झाल्यात. थांबा, दिवा सरकवते.”

“नको सरकवू,” नंदू म्हणाला. “आई अशीच उभी राहायची.” आणि त्याने किल्ली तिच्यापुढे ठेवली.

सोनलने काकूंना बोलावलं नव्हतं, हे मी लिफ्टमध्ये सगळ्यांना ठासून सांगते. काकू आल्या नव्हत्या, असं मात्र म्हणत नाही.