ऑस्करचं खरं नाव

परदेशातून शिकून आले तेव्हा मला वाटलं होतं, कोल्हापुरात भटक्या कुत्र्यांना घरं मिळवून द्यायची म्हणजे माणसांची मनं वळवायची. पण इथं कुत्रंच आडवं आलं! निवाऱ्यातल्या एकाला मी हौसेनं ऑस्कर नाव दिलं, महिनाभर हाका मारल्या, पण पठ्ठ्यानं कानसुद्धा हलवला नाही.

रविवारी मंगळवार पेठेतले एक काका त्याला न्यायला आले. त्यांच्या पायात दुसरंच कुत्रं घुटमळलं, तसे ते ओरडले, "हाड!"

ऑस्कर शेपूट हलवत धावत आला आणि थेट त्यांच्या चपलेवर बसला.

"आरं, हाड!"

तो आणखीनच बिलगला.

"आयला, जलमभर ह्येच ऐकलंय, ह्येला त्ये आपलं नाव वाटतंय की! पोरी, आमच्या गल्लीत दिसभर कोण ना कोण हाड म्हणतंय. ह्ये परत्येकाच्या दारात जाणार आन् मार खाणार. न्हाय जमायचं."

काका गेले. मला रात्रभर चैन पडेना. नव्या नावाला तो ओ देत नव्हता आणि जुन्या नावानं त्याला घर मिळत नव्हतं.

सकाळी उठल्या उठल्या ठरवलं, ऑस्कर बंद. जुन्याच नावातलं एक अक्षर बदलायचं आणि त्याला हाक मारायची, "लाड!"